जॉन्सनांचा झेंडा

लीड्समधल्या त्या घरासमोर दियाने गाडी लावली, पण डॉ. मुरलीधर टिपणीस काही उतरेनात. अंगणातल्या काठीवर एक झेंडा लोंबत होता. वारा नव्हता, तरी दिसायचं ते दिसलं. पांढऱ्यावर लाल फुली, म्हणजे इंग्लंडचाच.

"२००६चा वर्ल्डकप संपून सात आठवडे झाले," ते म्हणाले.

"मग?" मागच्या सीटवरून त्यांच्या पत्नी, सुहासिनीबाई.

"मग हा फुटबॉलचा नव्हे."

नॉटिंगहॅमला इलेक्शन आलं की टिपणिसांच्या दारातून एक पत्रक आत सरकायचं. आपापल्या देशी परत जा, असं सभ्य इंग्रजीत सांगणारं. त्यावर हीच फुली असे. आणि त्यांची मुलगी नेमकी याच घरात सून म्हणून निघाली होती. होणारा जावई मॅट, त्याच्या वडिलांना भेटून आज हो किंवा नाही सांगायचं होतं.

"बाबा, प्लीज वियर्ड होऊ नका. लास्ट टाइम ही झेंडा नव्हती."

"हा झेंडा. नव्हता." व्याकरण सुधारल्यावर त्यांना अर्थ लागला. "म्हणजे खास आपल्यासाठी चढवलाय!"

"अहो, उतरा आता. खिडकीतून बघताहेत ते."

"बघणारच!"

दार मॅटच्या वडिलांनी, पॉल जॉन्सननी उघडलं. माणूस हसत होता, हेही मुरलीधरांनी मनात टिपून ठेवलं. बिस्किटं शाकाहारी असल्याचं तीनदा सांगण्यात आलं. टिपणीस पट्टीचे मासे खाणारे. म्हणजे यांनी चौकशी केली होती, पण अर्धवट.

आता पाळी आपली. सोयरीक म्हटली की विचारतात तेच त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

सुहासिनीबाईंना ठसका लागला. हाच प्रश्न विचारणाऱ्या पेशंटांना नवरा काय काय म्हणतो, ते एकतीस वर्षं त्यांनीच ऐकलं होतं.

"लीड्सचे," पॉल म्हणाले.

"ते झालं हो. पण मूळचे?"

दियाने डोळे मिटले. पॉल मात्र खुलले. "फेरो बेटांचे! आजवर कुणी विचारलंच नाही. गोऱ्याला कोण विचारतं? स्कॉटलंडच्याही वर, भर समुद्रात. राज्य डेन्मार्कचं, कारभार आमचा. वडील युद्धात बोटीतून मासे आणायचे, ते इथेच राहिले. डेन्मार्क जर्मनांनी घेतलं, मग आमची बोट शत्रूची नाही हे ओळखायचं कसं? तेव्हा ब्रिटिशांनीच आमचा झेंडा मान्य केला. हा बाहेरचा."

"बनवला कुणी?"

"कोपनहेगनला शिकायला गेलेल्या पोरांनी."

"शिकायला ना?" मुरलीधरांची भुवई वर गेली.

पॉलनी सगळ्यांना अंगणात नेलं आणि कापड हाताने ताणून धरलं. लाल फुलीला निळी किनार, फुली मधोमध नाही, काठीकडे सरकलेली. पांढरा म्हणजे लाटांचा फेस, असं पॉल सांगत होते. मुरलीधरांनी किनार चिमटीत धरून पाहिली. आजच घाईने शिवलेली वाटली नाही.

"मग आज का चढवलात?"

"१९१९ साली बेटांवर हा पहिल्यांदा चढला, तो एका लग्नात. म्हणून आमच्याकडे लग्नाची बोलणी असली की चढवतो."

मुरलीधरांनी चिमटीतली किनार सोडली. नाकारायला काहीच उरलं नव्हतं, आणि तेच त्यांना खटकत होतं.

"बाबा, यस की नो?" दियाने विचारलं.

"यस," ते म्हणाले. मग तिच्या कानाशी वाकून मराठीत म्हणाले, "पण यांच्या आईकडचे मूळचे कुठले, ते विचारायचं राहिलंय."