न पुसलेले एकशे बारा दिवस

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर इतकं लिहिलं आणि पुसलं गेलं आहे, की माझा मूळचा काळा रंग आता राखाडी झाला आहे. मी एक जुना लाकडी फळा आहे. एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, रंगाचे तीन हात दिले आणि शाळेत पोचवलं. तिथे मी चौदा वर्षं पाढे आणि शुद्धलेखन सांभाळलं. मग माझा एक कोपरा पाण्याने फुगला. शाळेला मी नकोसा झालो आणि एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, व्यसनमुक्ती केंद्रात येऊन पडलो. घडीच्या नऊ खुर्च्या, पाण्याचं पिंप, भिंतीवरचं घड्याळ आणि मी, एवढीच ती खोली.

तिथले पहिले व्यवस्थापक भले गृहस्थ होते. रोज सकाळी ते माझ्यावर ठळक अक्षरांत लिहीत, ‘मनावर ताबा ठेवा.’ खुर्च्यांवरची माणसं ते वाचत आणि माना खाली घालत. ज्याचा ताबा सुटला म्हणून तो इथे आला, त्याला हे वाचून काय मिळत असेल, असं मला वाटे. पण फळ्याला विचारतो कोण!

मग मॅडम आल्या. मानसशास्त्र शिकलेल्या, आवाजाने मऊ, पण कामाला पक्क्या. त्यांनी ते वाक्य पुसलं आणि लिहिलं, ‘दारू तुम्हाला काय देते?’

“देते कुठे मॅडम, घेतेच सगळं!” खिडकीजवळ बसणारे ट्रकवाले काका म्हणाले. सगळे हसले.

“काहीतरी देत असेल, म्हणूनच माणूस तिच्याकडे जातो ना?” मॅडम म्हणाल्या.

कोपऱ्यातून हळू आवाज आला. “माझ्या हातांची थरथर थांबवते.”

ते शिंपी होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. हे नाव ऐकून मी आधी हुरळून गेलो होतो. मला वाटलं, चला, शाळेतलं कुणीतरी आलं. मास्तर कोट शिवण्यात वाकबगार होते, पण सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय त्यांना सुईत दोरा ओवता येत नसे. त्यांची बायको दुकानात काजं-बटणं करायची. तीच त्यांना इथे घेऊन आली होती. “ह्यांना मनाची ताकदच नाही,” असं ती दारातच म्हणाली होती.

खालच्या डॉक्टरांच्या औषधांनी दोन आठवड्यांत मास्तरांचे हात स्थिरावले. पण ओढ राहिली. मास्तर एकदा लाजत म्हणाले, “मॅडम, संध्याकाळी सातला शेजारचा हार्डवेअरवाला शटर ओढतो. तो खडखडाट ऐकला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. वेड्यासारखं वाटतं हो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यावर गोल काढला. शटर, मग ओढ, मग गुत्ता, मग आराम, आणि पुन्हा शटर. “वीस वर्षं शटर पडलं की दारू मिळाली. तुमच्या शरीराने हे पाढ्यासारखं पाठ केलंय,” त्या म्हणाल्या. “पाठ झालं म्हणजे माणूस वाईट ठरत नाही. नवीन पाढा शिकता येतो. वेळ लागतो, इतकंच.”

मग त्यांनी एक टेकडी काढली. ओढ अशी चढते, माथ्यावर थोडी थांबते आणि आपोआप उतरते, असं त्यांनी समजावलं. तिच्याशी भांडायचं नाही, फक्त घड्याळाकडे बघत बसायचं. शटर पडलं की मास्तर दुकानातून उठून बायकोसोबत फेरी मारू लागले. ओढ किती मिनिटांत उतरली, ते पुठ्ठ्यावर लिहू लागले. आधी चाळीस, मग पंचवीस, मग बारा. माझ्या उजव्या कोपऱ्यात प्रत्येकाचे दारूविना गेलेले दिवस लिहिलेले असत. मास्तरांचा आकडा एकशे बारावर गेला.

आणि मास्तर यायचे बंद झाले.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको एकटीच आली आणि त्यांच्या खुर्चीत मटकन बसली. “संपलं, मॅडम. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही आखूड झाली. तो भर दुकानात म्हणाला, दारुड्याकडे कापड टाकलं, माझंच चुकलं. ह्यांचे हात आता कापत नाहीत हो! पण हे उठले आणि गेले. तीन दिवस पितायत.”

“पहिला ग्लास त्या बोलण्याने पाजला,” मॅडम म्हणाल्या. “पुढचे सगळे शरमेने. ‘आता सगळं मातीमोल झालं’ असं एकदा वाटलं की माणूस थांबत नाही. त्यांना सांगा, मी बोलावलंय. ओरडायला नाही.”

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. कुणाशी न बोलता ते थेट माझ्यापाशी आले आणि डस्टर उचलून आपला आकडा पुसायला निघाले.

मॅडमनी डस्टर धरला. “काय करताय?”

“खोटं झालं ना ते सगळं.”

“एकशे बारा दिवस तुम्ही खरंच जगलात, मास्तर. ते कसे पुसणार? खाली लिहा, प्यायलेले तीन. आणि त्याखाली आजचा एक.”

मास्तरांनी डस्टर सोडला. मग त्यांनी खडू घेतला. तीनचा आकडा वेडावाकडा आला, आणि एक काढताना खडूच मोडला. मित्रांनो, माझ्यावर पुष्कळांनी सुंदर अक्षरं काढली आहेत, पण त्या एकाएवढं जपून मी काहीच धरलं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून शोधून काढलं, की मास्तरांना शटरपेक्षा अपमान मोठा खड्डा आहे. कुणी टाकून बोललं तर काय उत्तर द्यायचं, याची त्यांनी तिथेच तालीम केली. ट्रकवाले काका गिऱ्हाईक झाले आणि इतके मन लावून भांडले, की मास्तरांनाही हसू फुटलं. बायको म्हणाली, “दर गुरुवारी घरच्यांना बसवता ना, मीही येत जाईन.”

सगळ्यांचंच असं झालं नाही. काका पुढे येईनासे झाले. मॅडम त्यांच्या घरी दोनदा जाऊन आल्या, तरी ते परतले नाहीत. काकांचा आकडा अखेर मॅडमनी हाताने पुसला, फार सावकाश. मास्तर आणखी एकदा घसरले, पण दुसऱ्याच सकाळी परत आले. आज त्यांना दारू सोडून तीन वर्षं होत आली.

आता त्या खोलीत पांढरा, चकचकीत बोर्ड लागला आहे. मी बाहेर बाकाजवळ भिंतीला टेकून असतो. गुरुवारी आईबाप आत बसतात, तेव्हा मुलं माझ्यावर रेघोट्या मारतात. मागच्या गुरुवारी सातेक वर्षांच्या एका मुलीने लिहिलं, ‘माझे बाबा वाईट आहेत का?’

मॅडम बाहेर आल्या, त्यांनी ते वाचलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. “नाही गं. ते आजारी आहेत आणि बरं व्हायला धडपडतायत. आणि ते पितात ते तुझ्यामुळे नाही, बरं का.”

“मी दंगा करते तरी?”

“दंगा केलास तरी.”

मुलगी माझ्याकडे वळली. मग बाहीने ‘वाईट’ पुसलं. शेवटचा ‘का’ प्रश्नचिन्हासकट पुसला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं अडकलं असेल तर ते ओझं एकट्याने वाहू नका, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि ते माणूस पडून पुन्हा उठत असेल, तर त्याला नावं ठेवू नका. जाता-येता माझ्यावर हात फिरवलात तरी चालेल. फक्त मधोमध उरलेले ते तीन शब्द तेवढे जपा. ‘माझे बाबा आहेत.’