नीलव्वाची गाडी

“हलगी कशाला आणलीस? वरात हाय व्हय ही?” तिप्पण्णा सोमलिंगवर खेकसला.

सोमलिंग गोरामोरा झाला. तेवढ्यात तिप्पण्णाची बायको निंगव्वा पुढं आली. “वाजव रे तू. आपण येतोय ते लोकांना कळाय नको?”

होटगी स्टेशनाबाहेर उन्हं नुकतीच वर आली होती. चार बायका आल्या तरी पुष्कळ, असं निंगव्वानं धरलं होतं. पण रस्ता भरून माणसं जमली होती. हमाल, शाळेची पोरं, म्हाताऱ्या सासूला हाताशी धरून आलेली शेजारची कस्तुराबाई.

दुष्काळाच्या वर्षी तिची नीलव्वा तापानं फणफणली होती. गावात मोटार नव्हती, आगगाडीला अवकाश होता. रेल्वेत सांधेवाला असलेला तिप्पण्णा लेकीला खांद्यावर टाकून सोलापूरच्या वाटेला लागला, मागोमाग निंगव्वा. दवाखाना यायच्या आधीच बापाच्या गळ्यातला पोरीचा हात सुटला. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. दोन वर्षांनी निंगव्वानंच ठरवलं : त्याच रस्त्यानं चालत जायचं, पेठेत लोकांपुढं पदर पसरायचा आणि गावाला आजाऱ्यांसाठी एक गाडी आणायची.

तिप्पण्णाला हे पटलं नव्हतं. तरी आज तो रजा टाकून आला होता. सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून.

हलगी कडाडली. वाटेतल्या वस्त्यांवरनं लोक धावत आले. कुणी ताक दिलं, कुणी गूळ-शेंगदाणे. चांदसाब आपल्या टांग्यात पाण्याचे माठ घेऊन सोबत होता. “भाभी, जरा बसा की टांग्यात,” तो सारखा म्हणायचा.

“आज न्हाय बसायची!” निंगव्वा हसून म्हणाली. आपण हसलो, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

ओढ्याच्या पुलावर मात्र तिचे पाय थबकले. पोरीचा हात सुटला तो इथंच. सोमलिंगनं हलगी थांबवली. गर्दीतून वाट काढत तिप्पण्णा तिच्याजवळ आला.

“चल. आता थांबलो तर पुन्ना पाय उचलायचा न्हाय.”

मग तो तिच्या बरोबरीनं चालू लागला.

नवी पेठेत शिरल्यावर पोरांनी एक चादर चारी कोपरे धरून पसरली. कापडाच्या दुकानातून मालकानं विचारलं, “कुणाच्या नावानं हो?”

निंगव्वानं तिप्पण्णाकडं बघितलं.

“नीलव्वा,” तिप्पण्णा मोठ्यानं म्हणाला. “माझी लेक. नीलव्वा.”

हलगीवर थाप पडली. “नीलव्वाची गाडी!” पोरं ओरडली. मग दुकानादुकानांतून, माडीमाडीवरून तेच नाव घुमू लागलं. नोटा, नाणी पडत राहिली. एका म्हातारीनं पायातली जोडवी काढून चादरीत टाकली. निंगव्वा रडत होती आणि रडता रडता पोरांबरोबर ओरडत होती.

वर्षभरात गावाला एक जुनी जीप आली. पण होटगीची माणसं अजून सांगतात ते त्या संध्याकाळचं. परतीच्या गाडीची वाट बघत सगळे सोलापूरच्या फलाटावर टेकले होते. निंगव्वाच्या टाचा फुटून रक्त आलं होतं. तिप्पण्णा नळावरून तांब्या भरून आला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला.

“अवं, मी धुते की,” ती पाय आखडत पुटपुटली.

त्यानं तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि भेगांतली माती अंगठ्यानं हळूहळू काढत पाणी सोडत राहिला.