क्लचवर फोडलेलं खापर

"जरा दमानं उतरवा हो, नवखी आहे ती, बिचकेल."

ट्रकवरून मला खाली घेताना एक तरुण मुलगी हमालांना असं म्हणाली होती. मित्रांनो, माझ्याविषयी मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोनच सीटची, नाकाने लांब, अंगाने बुटकी. पोट जमिनीला टेकतंय की काय असं बघणाऱ्याला वाटावं. त्या मुलीनेच मला घेतलं होतं.

ती लोकांना गाडी शिकवायची. शहरातल्या निम्म्या लोकांचा डावा पाय तिनेच घडवला म्हणा ना. "क्लच म्हणजे झोपलेल्या बाळावरचं पांघरूण. ओढायचं नाही, अलगद काढायचं," असं ती शिकाऊंना सांगे. लोक तिला क्लचबाईच म्हणत. दिवसभर ती शिकवणीच्या गाडीत असे, पण संध्याकाळ माझी. डोंगराच्या वळणांवर ती गुणगुणायची:

वाट गेली वळणाची, वर डोंगर चढून,
माझी सखी चाले बाई, वाऱ्याशी भांडून.

आणि मी खरंच भांडायचे. पेट्रोल पंपावर थांबलं की माणसं आपली गाडी सोडून माझ्याभोवती फिरायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मालकीण क्लच दाबायची, अर्ध्यातच सोडायची आणि म्हणायची, "जड झालाय मेला." मी स्वतःला चाचपून पाहिलं. क्लच होता तसाच होता. माझ्यातून उतरताना ती दाराला लोंबकळू लागली. मला वाटलं, बिजागऱ्या किती खिळखिळ्या झाल्यात ते बघतेय. पुढे तर माझ्या अंगावर कापडच पडलं. कापडाखाली काही दिसत नाही, मित्रांनो, म्हणून कान तिखट होतात.

मेकॅनिक आला. त्याला सगळे पान्या म्हणतात. त्याने मला उघडलं, पाहिलं, मिटलं.

"बाई, क्लच लोण्यासारखा आहे."

"मग लोणी गोठलंय. परत बघ."

तो परत आला, परत वाकला. "आता मी आत राहायलाच जाऊ का?"

"राहा की. पण जड आहे म्हणजे आहे."

मालकिणीची भाची तिच्याजवळच राहते. जाताना पान्या तिच्याशी पुटपुटला, "ताई, कुठेतरी पाणी मुरतंय."

मलाही तेच वाटत होतं. मला घालवायचं ठरलंय आणि खापर माझ्याच क्लचवर फोडायचंय.

माझा संशय खरा ठरावा, तशी एका सकाळी ती दारात आली. माझ्याच नावाची, माझ्याच घराण्यातली, पण नवी. शोरूमचा माणूस तिला दाखवायला घेऊन आला होता. माझ्यावरचं कापड त्या दिवशी वाऱ्याने अर्धं सरकलं होतं, म्हणून मला दिसली. अंगाने रुंद, आवाज गिळलेला, पुढे टीव्हीएवढा पडदा. गिअर ती आपले आपणच बदलते म्हणे. पायाखाली पेडल दोनच, क्लच नाहीच. मी तिला डोळ्यांत तेल घालून न्याहाळलं. ती देखणी होती. तेच तर सलत होतं.

"घराणं तेच, मॅडम," शोरूमवाला म्हणाला, "फक्त ही शहाणी झालीय."

"आणि जुनीचं काय करता?" मालकिणीने विचारलं.

"बदल्यात नेऊ आम्ही. पण क्लच गेलाय म्हणालात ना तुम्ही? मग चालवायला कोण घेणार? अशा गाड्या आम्ही सुट्या करतो. दार एकाला, इंजिन दुसऱ्याला."

माझ्याजवळ हॉर्न आहे, मित्रांनो, पण तो माझा मला वाजवता येत नाही.

"थांबा," भाची म्हणाली. "मावशी, मी एकदा चालवून बघते."

कापड निघालं. भाचीने चावी फिरवली आणि क्लचवर पाय ठेवला. तो सहज तळाला गेला. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. मी एकही हिसका दिला नाही.

"मावशी, हा तर हलका आहे."

"तुझं वय काय, माझं काय."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जुनी झालीय ती. जाऊ दे."

शोरूमवाल्याने फोन लावला. "एक जुनी पाठवतोय. क्लच खराब. सुटी करायची."

मित्रांनो, वस्तू जुन्या होतात, नव्या येतात. त्यावर माझं भांडण नाही. घालवायची असेल तर घालवा, पण खोटा दोष लावून घालवू नका. तो दोष गंजापेक्षाही लवकर खातो.

मालकीण पायरीवर बसली होती. भाची माझ्या उघड्या दाराशी उभी राहून तिच्याकडे नुसती बघत होती.

"फोन ठेवा हो तो," मालकीण एकदम म्हणाली. "नवी मला लागेल. जुनी सुटी करायची नाही, ती माझ्या भाचीची."

"पण मॅडम, तिचा क्लच..."

मालकिणीने डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला.

"क्लचला काही झालेलं नाही. माझा हा पायच तळापर्यंत जात नाही. वर्ष होत आलं. अख्ख्या शहराला मी क्लच शिकवला, मग हे सांगू कुठल्या तोंडाने? म्हणून ढकललं तिच्यावर."