पिशवीमागचं पान

आमचे हे चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. यांच्या नजरेतून वेलांटी सुटायची नाही, हे मलाही मान्य. पण त्या नजरेचा तोरा घरी मीच सोसलाय. मूत्रपिंडं थकल्यावर यांच्या पोटात नळी बसवली. दिवसातून चार वेळा पोटात डायलिसिसचं पाणी सोडायचं, काही तासांनी ते पिशवीत उतरवायचं. सगळं घरच्या घरी, म्हणून स्वारी खूश होती. मात्र जंतू शिरले आणि वेळेत कळलं नाही, तर नळी काढावी लागते. मग आठवड्यातून तीनदा दवाखान्यातल्या मशीनला बांधून घ्यायचं. यांनी त्याचीच धास्ती घेतली होती.

उतरलेली पिशवी छापील पानावर ठेवायची. अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. शिवाय दवाखान्याने फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ताही घालून दिली होती. पिशवीचा फोटो काढला की ती निवाडा द्यायची. हे तिला ‘अतिशहाणी’ म्हणत.

मंगळवारी सकाळी अतिशहाणीने सांगितलं, पाणी गढूळ आहे, लगेच दवाखान्यात या.

“कसलं गढूळ? हे बघ!” यांनी पिशवीखालचा मजकूर घडाघडा वाचला, स्वल्पविरामासकट. “कालचं यंत्र मला वाचायला शिकवणार!”

मला पाणी जरा धुरकट वाटत होतं, पण यांच्यापुढे बोलायची सोय कुठे? तेवढ्यात पानाकडे लक्ष गेलं आणि माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं तेच पान! यांनीच तपासलेलं, यांना तोंडपाठ. मी ते ओढून काढलं आणि शिलाई मशीनचं माहितीपत्रक खाली सरकवलं.

“वाचा आता.”

यांनी चष्मा पुसला. “अगं, छपाईच पुसट आहे.”

“पिशवी उचला!”

उचलली. खाली ठळक काळी अक्षरं. यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला रागही आला आणि रडूही.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. तपासणीत जंतू निघाले. पोटात सोडायच्या पाण्यातूनच औषध सुरू झालं. पाचव्या दिवशी पिशवी लख्ख उतरली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगदी वेळेत आलात. नळी राहते.”

जिन्यात यांनी शर्टावरून नळी चाचपली आणि हे पुटपुटले, “चूक माझी होती गं.”

आमच्या संसारात हे वाक्य प्रथमच उमटत होतं. मी म्हटलं, “अहो, ऐकू नाही आलं.”

मग यांनी अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं आणि आम्ही हसत हसत घरी निघालो.