पहिल्या धारेची

महिपतने भट्टीची तांब्याची नळी पंच्यात धरून उपसली आणि धाकट्या भावाच्या मनगटावर हाणली. हाड मोडलेलं चुलीशी बसलेल्या गोदालाही ऐकू आलं. काशीरामच्या हातातला पेला जांभ्या दगडावर आपटला, पण तो रिकामाच होता. त्यातली दारू मघाशीच मातीत गेली होती, आणि भांडण त्यावरूनच होतं.

"ओतून टाकलास? माज्या डोळ्यांदेखत?"

"दादा, पयली धार प्यायची नसते. कितीदा सांगू तुला?"

दुसरा तडाखा खांद्यावर बसला, पुढचा पाठीत. काशीराम काजूच्या बोंडांच्या ढिगात तोंडावर पडला. नवरा मारत असताना मध्ये पडायचं नाही, हे गोदा लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकली होती. तरी ती उठली. महिपतने अंबाडा धरून तिला बाजूला भिरकावलं आणि भावाला झोडपत राहिला. नळी वाकली तेव्हाच तो थांबला. भाऊ काय, घरचाच होता. तांबं महाग होतं.

जयगडच्या खाडीकाठी दारूत मान एकाच गोष्टीला, पहिल्या धारेला. मडकं तापलं की नळीतून जे आधी टपकतं ते खरं, मागून येतं ते बायकांचं सरबत, असं गडीमाणसं मिशीवर ताव देऊन सांगायची. शिमग्यात देवीची पालखी नाचवणाऱ्यांना पहिल्या धारेची पाजली नाही, तर त्या भट्टीवाल्याचं नाक गेलंच म्हणायचं. आणि महिपतला नाक फार होतं. बाकी काही असो नसो.

काशीराम मात्र सहा वर्षांमागे बोटीवरची नोकरी सोडून आला तो डोक्यात भलतंच घेऊन. त्याची बोट दुरुस्तीला विलायतेत, ग्लासगोला अडकली होती. तिथे कुणा ओळखीच्याने त्याला डोंगरातला व्हिस्कीचा कारखाना दाखवला. घरी आल्यावर ओट्यावर बसून तो रंगवून सांगायचा. तिकडचे लोकही आपल्यासारखेच चोरटे, वहिनी. राजाने दारूवर कर बसवला तशा भट्ट्या दरीखोऱ्यांत गेल्या. शिपाई आले की पिंपं मढ्याच्या पेटीत घालून वर बायका रडायला बसवायच्या. पुढे एकाने सरकारी परवाना घेतला, तर शेजारीच त्याला जाळायला उठले. बिचारा उशाशी पिस्तुलं घेऊन निजायचा. आता त्यांची तांब्याची भांडी आपल्या देवळाएवढी आहेत. पण त्या कारखान्यात पहिली धार काचेच्या पेटीत जाते, आणि पेटीला कुलूप. कुणी तोंडाला लावत नाही. घाईगर्दीच्या चोरट्या दिवसांत ज्यांनी लावली, त्यांचे डोळे गेले, असं तिथला म्हातारा कामगार सांगत होता.

महिपत यावर पोट धरून हसला होता. त्यांचे वडील आप्पा हसले नव्हते. पोरवयापासून भट्टीवर बसणाऱ्या आप्पांची नजर ऐन उमेदीत, एका शिमग्यात, रात्रीतून गेली होती. गाव म्हणालं देवीचा कोप, आप्पांनीही तेच मानलं.  काशीरामची गोष्ट ऐकली त्या दिवसापासून मात्र त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

तेव्हापासून भट्टीवर काशीराम बसे आणि सुरुवातीचं गुपचूप ओतून टाकी. गावाने सहा शिमगे सुखाने प्यायले ते त्याच्यामुळे, आणि हे गोदा सोडून कुणालाच माहीत नव्हतं. यंदा महिपतने त्याला पकडलं.

काशीरामला गोदाच्या भावाने, धाकूने, पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून रत्नागिरीला इस्पितळात. जाताना काशीराम शुद्धीवर होता. "वहिनी, ओता हां," एवढंच म्हणाला.

ओतायला मिळालं तर ना! महिपत आता हलतच नव्हता. मांडीवर कोयता घेऊन तो भट्टीसमोर बसला, आणि प्रत्येक मडक्याची पहिली धार एकाच कॅनमध्ये साठवू लागला. पालखी उद्या त्यांच्या दारात यायची होती. खांदेकऱ्यांत धाकू पुढच्या दांड्याला होता. पंचविशीचा, हसऱ्या डोळ्यांचा, गोदाच्या माहेरात उरलेला एकटा.

दिवेलागणीला तिने धीर केला.

"अवो, आयका. भावजी सांगतात ता खरा आसंल तर? आप्पांचा काय झाला ता आठवा. ही ओतून टाका. लोकांना मागली द्या."

कोयत्याची मूठ तिच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, दात हिरडीत हलला.

"तुजा धाकू पयला पील," महिपत म्हणाला. "माज्या हातानं पाजीन."

गोदाने पदराने रक्त टिपलं. तिला रडू आलं नाही. आत काहीतरी थंड होत गेलं, चूल विझल्यावर राख होते तसं.

भट्टीचा एक रिवाज होता, आप्पांच्या आज्यापासूनचा. शिमग्याची दारू गावाला द्यायची, तर आदल्या संध्याकाळी भट्टीवाल्याने स्वतः ती पोटभर प्यायची. ज्याची भट्टी, त्याचा पहिला पेला. गेली सहा वर्षं महिपत हा रिवाज ऐटीत पाळत आला होता, आणि पहिल्या धारेची समजून मागलीच पीत आला होता.

त्याने पेला तिच्यापुढे धरला.

"ओत."

सांगायचं ते तिने सांगून झालं होतं. त्याचं उत्तर तोंडात खारट लागत होतं. गोदाने कॅन उचलला आणि पेला काठोकाठ भरला. तो प्यायला, मिटक्या मारत म्हणाला, "हिला म्हनतात दारू!" त्याने पुन्हा धरला, तिने पुन्हा भरला. 

तो आडवा होताच तिने उरलेला कॅन माडाच्या बुंध्याशी उलटा केला. शेवटचा थेंब गळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

सकाळी ढोल ऐकू आले. पालखी खालच्या वाडीत पोचली होती. गोदा पालखीसाठी अंगण सारवत होती. रात्री ओकून ओकून दमलेला महिपत चौकट चाचपत दारात आला. कोवळं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि त्याच्या पापण्या लवत नव्हत्या.

"गोदे, अजून उजाडला नाय काय गो?"

गोदाचा शेणातला हात जागच्या जागी राहिला. 

ओट्यावर आप्पा पायांवर ऊन घेत बसले होते. त्यांची मान सावकाश आवाजाच्या दिशेने वळली. 

"तुज्या आयशीला मी हाच इचारला होता," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी मांडीवरची काठी पलीकडे ठेवली, चाचपत थोडे सरकले आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"ये. हितं बस."