खळ्यावरचा सिनेमा

जव्हारला तंबूत सिनेमा लागला की साखरशेतजवळच्या त्या पाड्यावरून एकच माणूस बघायला जायचा. सगळेच गेले तर गुरं कोण बघणार, भात कोण झोडणार? म्हणून जिवाला धाडायचे. तो सिनेमा डोक्यात भरून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी सांजेला खळ्यावर पेंढ्यात बसून गाण्यांसकट सांगायचा. नायिकेचं रडणंसुद्धा तोच रडायचा, आणि असं रडायचा की म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावायच्या.

आता तो तंबू नाही, जिवाही नाही. मागे राहिली त्याची बायको रखमी आणि तिच्या तोंडातलं त्याचं एक गाणं. भाताच्या आवणीत चिखलात वाकून तिने जन्मभर तेच म्हटलं. यंदा मात्र घात झाला. पहिलं कडवं आलं, दुसरं काही केल्या आठवेना. वर गेल्यावर जिवाने विचारलं, माझं गाणं कुठं सांडलंस, तर काय तोंड दाखवायचं? पाड्यात कोणाला विचारायचं तर लाज वाटे. म्हातारीला घास गोड लागेना.

शेवटी तिने नातीला, सपनाला गळ घातली. मोबाइलात सगळं असतं म्हणतात, मग माझं गाणंही असेलच की. सिनेमाची गोष्ट तिला पाठ होती. बंगल्यातल्या बाईचं तान्हं जातं, ती नदीच्या काठावर जाऊन उभी राहते, आणि नवरा गाणं म्हणत तिला माघारी आणतो. पोरगी चिकट, तिने शोध शोध शोधलं आणि सिनेमा सापडला बरं का! ओट्यावर दोघी बघायला बसल्या. जिवाचा चुलतभाऊ लहान्या काठी टेकत आला, तोही बसला.

बंगला आला, पाळणा आला, नदी आली. बाईने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. काठ रिकामा झाला आणि सिनेमा संपला.

हा दुसराच कुठला तरी लावलास, म्हणून रखमी नातीवर खेकसली. सपना म्हणे हाच, हवं तर तुझं गाणं म्हणून दाखव, ताडून बघू. रखमीने म्हटलं,

"काठावरनं माघारी ये गं,
नागलीची भाकर तव्यावर गं..."

"आजी, त्या बंगल्यात आपली डोंगरातली नागली कुठली?" सपनाला हसू आलं.

खरंच की. एवढ्या वर्षांत हे रखमीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

लहान्या जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, त्या साली तुझं पोर गेलेलं. तू रोज दरीच्या कडेला जाऊन बसायचीस. जिवा सिनेमा बघून आला तो घाबरूनच. तू खळ्यावर यायच्या आधी आम्हा सगळ्यांना म्हणाला, मी शेवट बदलतोय, खरा शेवट हिला कोणी सांगायचा नाही."

पुढे तोच सिनेमा मोखाड्याला जत्रेत लागला, पाड्यातल्या कितीतरी जणांनी बघितला. कोणी ब्र काढला नाही. पोशीनेसुद्धा नाही! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती पोशी, पाणवठ्यावर रखमीची सात पिढ्यांची उणीदुणी काढणारी. तिनेही एवढं एक पोटात ठेवलं.

रखमीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण काळीज हलकं झालं. किती जणांनी मिळून आपल्याला कडेवरून मागे ओढलं, आणि आपल्याला पत्ताच नाही. तिने लहान्याला विचारलं, दुसरं कडवं येतं का? पाड्यातल्या जुन्या माणसांना ते सगळ्यांनाच येत होतं! लहान्याने घोगऱ्या आवाजात म्हटलं,

"बाळ गेलं देवाच्या घरी गं,
मी तर आहे आपल्या घरी गं..."

"आले रे," रखमी पुटपुटली. "तेव्हाच आले."

मग तिने उठून तवा ठेवला. पहिली भाकर उतरली ती फडक्यात घेऊन पोशीच्या दारात गेली. कोंबडीवरून भांडण झाल्यापासून दोघींचं बोलणं नव्हतं. पोशीने संशयाने विचारलं, ही कशाबद्दल?

"तोंड बंद ठेवलंस, त्याबद्दल," रखमी म्हणाली.

पोशीला कळलं. तिने भाकर मोडली आणि अर्धी रखमीच्या हातावर ठेवली.