पाकिटावरची पट्टी

“पाकीट माझ्यासमोरच फोडायचं,” दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत टेकता टेकता आजींनी बजावलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

त्यांना आजी होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि नात अजून फोनवरच पाहिलेली. आज चारच्या गाडीने लेक तिला घेऊन येणार होती. सकाळपासून आजींचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. यजमान तर बाळाची दुपटी घेऊन अडीचलाच स्टेशनवर जाऊन बसले होते. पण लेकीची अट होती, आधी ती पू धरलेली दाढ काढायची, मगच बाळाला मांडीवर घ्यायचं. दोन महिने आजी आज-उद्या करत आल्या होत्या. दुखण्याला त्या भीत नव्हत्या, भीती होती ती हत्यारांची. कुणाकुणाच्या तोंडातून फिरून आलेली. त्यातून आपल्याला काही लागलं आणि आपल्याकडून बाळाला, तर?

घरचे हसायचे. पण आजींनी एकतीस वर्षं इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं पाकिटात भरून, वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक केली होती. वाफ पुरेशी लागली की पाकिटावरची फिकट पट्टी काळी होते, नाही लागली तर होत नाही, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. एकदा ती काळी झाली नव्हती. बाहेर सर्जन घाई करत होते, आणि आजींनी काही न बोलता संच पुढे केला होता. त्या पेशंटचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस त्यांना कधीच झालं नाही.

आत्ता तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. दाढ पंधरा मिनिटांत निघेल, मग रिक्षा, मग फलाट. आजींनी सगळा हिशेब मनात पक्का बसवला होता. नात येतेय, हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना तिसऱ्यांदा सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या, पण बाहेर तिघं खोळंबले होते आणि सकाळच्या गर्दीत बाकीचे संच वापरून झाले होते. त्यांनी मागे न बघताच हात मागे केला.

कोपऱ्यातल्या यंत्राचं झाकण उघडून मदतनीस बाईंनी पाकीट बाहेर काढलं. आजींना खुर्चीतूनच दिसलं. पट्टी चहाच्या डागासारखी तपकिरी होती.

बाईंनाही दिसलं होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. आजींनी बोलायला हवं होतं, पण घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि जीभ उचलेना.

“द्या ना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पट्टी काळी झाली नाही, डॉक्टर. परत लावावं लागेल. चाळीस मिनिटं,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट हातात घेऊन पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. मग आजींकडे वळून त्यांनी माफी मागितली. हवं तर उद्या या, म्हणाल्या.

“लावा,” आजी म्हणाल्या. “मी थांबते.”

त्यांनी यजमानांना फोन करून तुम्हीच दोघींना घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. फलाटावर जाणं हुकलं म्हणून डोळे भरून आले होते, आणि तरी आनंद का होतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना. यंत्र घरघरायला लागलं, तशा त्या उठून बाईंच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

“मी एकदा बोलले नव्हते,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कधी, कुठे, काहीच विचारलं नाही. नातीचा फोटो आहे का, एवढंच विचारलं. मग दोघी मिळून बावीस फोटो बघून झाले.

चारला दहा कमी असताना यंत्र थांबलं. पाकीट निवल्यावर बाईंनी ते आजींच्या डोळ्यांसमोर धरलं.

“बघून घ्या, आजी.”

आजी खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. त्यांनी पट्टीकडे न बघताच चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि मोठ्ठा आ केला.